‘कोर्बा मेलं’ म्हणतात त्या विषयात पीएचडी

मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवतो. नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्या असंख्य मास्तरांपैकी एक. पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, कोर्सवर्क झालं, ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. खरी गंमत विषय मान्यतेच्या बैठकीपासून सुरू झाली. ‘अ‍ॅडॅप्टिव्ह आणि रिफ्लेक्टिव्ह मिडलवेअर’ एवढं स्लाइडवर दिसलं आणि समितीतले एक सर म्हणाले, “अहो, कोर्बा मेलं की केव्हाच. आता यात काय उरलंय?”

कोर्बा म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेलं जुनं मानक. सरांच्या बोलण्यात तथ्य होतं. या विषयातलं बरंचसं मूळ काम कोर्बाच्या काळातलं आहे आणि 2018 मध्ये जावा 11 आलं तेव्हा त्यातून कोर्बा काढूनच टाकलं गेलं. मानक गेलं, प्रश्न मात्र जागेवरच राहिला. नेटवर्कच्या पलीकडच्या प्रोग्रॅमला हाक मारायची, तो कुठे आहे ते शोधायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, ही सगळी हमाली करणारा मधला थर म्हणजे मिडलवेअर. हा थर सीलबंद ठेवायचा, की प्रणाली चालू असतानाच त्याला स्वतःच्या रचनेची माहिती असावी (हे रिफ्लेक्टिव्ह) आणि आतले भाग बदलता यावेत (हे अ‍ॅडॅप्टिव्ह)? समितीपुढे मी एवढंच म्हणालो की आजच्या सर्व्हिस मेशला, म्हणजे सर्व्हिसेसमधली ये-जा सांभाळणाऱ्या थराला, हाच प्रश्न पडलाय. मान्यता मिळाली, पण “व्याप्ती कमी करा” असा शेरा मारून.

वाचायला बसलो तेव्हा धागा मिडलवेअरच्याही मागे गेला. चालता प्रोग्रॅम स्वतःकडे बघून स्वतःत बदल करू शकेल का, हे ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी 1982 च्या एमआयटीतल्या प्रबंधात मांडलं. 1987 मध्ये पॅटी मेस यांनी तो विचार ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमध्ये आणला. मिडलवेअरमध्ये तो उतरला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात गॉर्डन ब्लेअर यांच्या गटाने ओपन ओआरबी हे असं मिडलवेअर केलं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉय कॅम्पबेल, फॅबिओ कॉन वगैरे मंडळींनी टाओ या कोर्बा मिडलवेअरवरून डायनॅमिक टाओ केलं. 2000 साली मिडलवेअर परिषदेला जोडून न्यूयॉर्क राज्यात रिफ्लेक्टिव्ह मिडलवेअरची पहिली कार्यशाळा भरली. पुढे तिच्या नावात ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ही आलं.

या दोन गटांची प्रकृती वेगळी. लँकेस्टरवाल्यांनी सगळं मुळापासून मांडलं: इंटरफेस, घटकांची जोडणी, मधल्या मध्ये अडवून पाहणं आणि साधनसंपत्ती, अशी चार वेगवेगळी अंगं, प्रत्येकाला बदलण्याचं स्वतंत्र दार. इलिनॉयवाल्यांनी चालू स्थितीतलं टाओ घेतलं आणि त्यातल्या समांतर कामाच्या, सुरक्षेच्या, देखरेखीच्या पद्धती चालू असताना बदलता येतील अशा केल्या. वाचताना लँकेस्टरची मांडणी मला फार देखणी वाटायची. पण संध्याकाळी प्रॅक्टिकल्स संपल्यावर उरलेल्या वेळात एकट्या माणसाला झेपेल असा रस्ता इलिनॉयचा होता. शिवाय तेव्हाचा कोड आजच्या कंपायलरवर उभा करणं हे एक स्वतंत्र संशोधन आहे. तो नाद मी लवकरच सोडला.

आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, कमी बोलतात. माझा आराखडा पाहून म्हणाल्या, “काय बदलायचं ते सगळेच लिहितात. केव्हा बदलायचं ते कोण लिहिणार? तेवढं एक धरा.” पुढची सगळी वर्षं त्या एका वाक्यावर गेली.

मांडणी साधी होती. दोन सर्व्हिसेस, मध्ये आमचा थर. नेटवर्क मंदावलं की थराने डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवणारा घटक बसवायचा, सुधारलं की काढायचा. नेटवर्क मंद करायला लिनक्सचं नेटएम आहेच. हवा तेवढा विलंब घाला, हवी तेवढी पॅकेट्स गाळा. कमी लोडवर सगळं झकास चाललं. लोड वाढवल्यावर लॉगमध्ये जेसन, म्हणजे साध्या मजकुरातला डेटा, वाचणाऱ्या पार्सरच्या तक्रारी येऊ लागल्या. मदतीला असलेला एमटेकचा मुलगा कच्चे बाइट्स उघडून बसला होता. म्हणाला, “सर, हा जेसनच नाहीये. सुरुवातच 1एफ 8बी ने होतेय.” ही जीझिप या डेटा दाबण्याच्या पद्धतीची सही. पाठवणाऱ्या बाजूचा घटक बदलला होता, घेणाऱ्या बाजूचा बदलायचा होता, आणि त्या दोन क्षणांच्या मध्ये सापडलेले संदेश नव्या रूपात जुन्या हातात पडत होते. एचटीटीपीत संदेश दाबलेला आहे हे सांगणारा हेडर असतो म्हणून हे झाकलं जातं. आमच्या चौकटीत तो मुद्दामच ठेवला नव्हता, कारण बदलायच्या प्रत्येक घटकाला असा हेडर लाभत नाही.

यावरचं उत्तर 1990 पासून लिहिलेलं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जेफ क्रेमर आणि जेफ मॅगी यांनी अट घातली: बदलायचा घटक स्वतः कुठल्या व्यवहारात अडकलेला नसावा, त्याने नवा व्यवहार सुरू करू नये आणि दुसऱ्या कुणाच्या अर्धवट व्यवहाराला त्याची गरज पडणार नसावी. समितीला हे समजावताना मी मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकचं उदाहरण दिलं. रूळ बदलायचा तर आधी त्या पट्ट्यातल्या गाड्या बाहेर काढाव्या लागतात आणि नव्या आत सोडायच्या नाहीत. सगळ्यांना लगेच कळलं, आणि लगेच पुढचा प्रश्नही आला: “मेगाब्लॉक रविवारी घेतात. तुमच्या प्रणालीला रविवार कुठून येणार?”

नेमकं दुखणं तेच. बदलाची गरज सगळ्यात जास्त असते ती लोड चढलेला असताना, आणि तेव्हाच घटक मोकळा सापडत नाही. नवे कॉल अडवून धरले तर मागे रांग लागते आणि पी99 विलंब (शंभरातले नव्याण्णव कॉल ज्याच्या आत आटोपतात तो) असा उसळतो की बदल न केलेला परवडला. पुढच्या संशोधकांनी अट सैल केली. काहींनी घटक पूर्ण शांत होण्याची वाट कमी केली, तर 2011 मध्ये शाओशिंग मा आणि सहकाऱ्यांनी एक व्यवहार आदिपासून अंतापर्यंत एकाच आवृत्तीवर चालला म्हणजे पुरे, असा मार्ग काढला. माझं काम या शेवटच्या वाटेवरचं आहे.

दरम्यान उद्योगात काय करतात ते पाहावं म्हणून सर्व्हिस मेशमध्ये वापरल्या जाणाऱ्या एन्व्हॉय या प्रॉक्सीचे कागद चाळले. तिथे फिल्टरची, म्हणजे संदेशावर एकामागून एक काम करणाऱ्या घटकांची, साखळी चालू असताना बदलता येते. नवी जोडणी नव्या साखळीवर जाते, जुन्या जोडण्यांना निचरा व्हायला वेळ दिला जातो आणि तो वेळ मुळात 600 सेकंद ठरवलेला असतो. म्हणजे अटीच्या जागी घड्याळ. मला हे वाचून बरं वाटलं, कारण प्रबंधाला पाया मिळाला. व्यवहार चार सेकंदांत आटोपत असतील तर दहा मिनिटं कशाला थांबायचं, आणि एखादा अर्धा तास चालणारा असेल तर मध्येच का तोडायचा? आम्ही प्रत्येक कॉलवर आवृत्तीची खूण लावली, जुना आणि नवा घटक काही काळ शेजारी शेजारी ठेवले, जुन्याच्या खुणेचा शेवटचा कॉल संपला की तो काढला. मुदतीत संपला नाही तर बदलच मागे घ्यायचा. हा मागे घेण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि पेपरांमध्ये त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो.

पहिला पेपर परत आला. एका परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती, तिचा आशय असा: काहीही बदलत नसताना या थराची किंमत किती? चिडलो, पण प्रश्न रास्त होता. मग प्रत्येक प्रयोग तीन प्रकारे चालवला: थर नसताना, थर आहे पण बदल बंद, आणि थरासह बदल चालू. मधला आकडा छापायला नको वाटतो, कारण तो नुसता खर्च दाखवतो. पण तो छापल्यावरच पेपर मार्गी लागला. या क्षेत्रातला कुठलाही पेपर हातात आला की मी आता आधी तोच मधला रकाना शोधतो, आणि बऱ्याचदा तो नसतोच.

एक साधी गोष्ट मात्र फार छळते: हेलकावे. विलंब मर्यादेच्या वर गेला की घटक बसतो, विलंब खाली येतो, म्हणून घटक निघतो, की पुन्हा विलंब वर. बसवायची आणि काढायची मर्यादा वेगवेगळी ठेवणं आणि मध्ये थोडी विश्रांती सक्तीची करणं, एवढ्याने भागतं. कंट्रोल सिस्टिम शिकवणाऱ्या शेजारच्या विभागातल्या सरांना हे सांगितलं तर ते नुसते हसले.

सिनॉप्सिस, वाङ्मयचौर्य तपासणी, प्रबंधाच्या बाइंड केलेल्या प्रती, फीच्या पावत्या, या सगळ्यात महिने जातात. त्याला इलाज नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक उद्योगातून संशोधनात आलेले होते. कोर्बाचं नावही त्यांनी काढलं नाही. त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले: एक माझा थर, दुसरा कुबरनेटीसचा ऑटोस्केलर, म्हणजे लोडप्रमाणे सर्व्हिसच्या चालत्या प्रती (पॉड) कमीजास्त करणारा भाग. “तुमच्या घटकाने दाबादाबी सुरू केली की सीपीयू वाढणार. तो वाढला की स्केलर पॉड वाढवणार. विलंब उतरणार, तुमचा घटक निघणार, सीपीयू पडणार, स्केलर पॉड कमी करणार. मग?”

मी सांगितलं की स्केलर पॉड कमी करण्याआधी मुळात 300 सेकंद मागचं पाहतो, त्यामुळे हेलकावा मंद होईल, पण थांबेलच असं माझं मॉडेल सांगत नाही. थर आणि स्केलर, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. परीक्षकांनी विचारलं, ओळख करून द्यायची तर कोणी कोणाचं ऐकायचं? यावर बराच वेळ चर्चा झाली, मॅडमही उतरल्या, आणि शेवटी तो प्रश्न ‘पुढील काम’ या प्रकरणात घालायचं ठरलं. पदवी मिळाली. सध्या त्याच प्रश्नावर एमटेकची एक विद्यार्थिनी काम करतेय. तिने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं की स्केलरला आपल्या थराचं म्हणणं कळवायचं कसं, आणि आम्ही तूर्त एका कस्टम मेट्रिकपासून, म्हणजे थराने स्वतः स्केलरला पुरवायच्या आकड्यापासून, सुरुवात केली आहे.