आजीचं कीर्तन आणि सरांचा बैल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेने आम्हा माजी विद्यार्थ्यांना निधीचं आवाहन केलं आहे, त्याला उत्तर म्हणून ही आठवण. आमचं घर माळकरी. देव आहे की नाही, हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही. शेजारी नवस-अंगाऱ्याचं घर होतं. तिथला माझा वर्गमित्र परीक्षेला कपाळाला अंगारा लावून यायचा. आम्हा दोघांच्याही श्रद्धा आयत्या होत्या, घरातून आलेल्या.

२१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा मी आठवीत होतो. निम्मा वर्ग देवळापुढच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर कुणावरही रागावले नाहीत. त्यांनी टेबलावर पोळ्याचा मातीचा बैल ठेवला, दुधात लाल शाई घातली आणि चमचा बैलाच्या तोंडाला टेकवायला लावला. बैलही दूध प्यायला! पण पोटावरून लाल ओघळ उतरला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली येतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, इतकंच. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवलं होतं. सर शेवटी म्हणाले, "घरी जाऊन कुणाशी भांडू नका. करून दाखवा."

मी आजीला करून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "मग ते दूध एखाद्या तान्ह्या लेकराला द्या की." आजीने गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला करायचा, हा तुकोबांचा सवाल तिला तोंडपाठ होता. म्हणजे शंका घेणं आमच्या माळेतच होतं. सरांनी ते वर आणलं.

पुढे मी पुण्यात हॉस्टेलवर राहिलो आणि देव सुटला. धाकटा भाऊ गावातल्या दिंडीत रमला, तो आज माळकरी आहे. आजी तीच, सरही तेच. माझ्या नास्तिकपणात माझा विचार किती आणि हॉस्टेलच्या मित्रांची संगत किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. म्हणून भावाशी वाद घालताना माझा आवाज चढत नाही.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा मी दिवसभर सुन्न होतो. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो हवाच होता. पण अंगारा लावून येणाऱ्या पोराच्या शेजारी बसून बैलाला दूध पाजायला मास्तरच लागतो.

सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून प्रयोगशाळेसाठी काही रक्कम ठेवावी, ही संस्थेला विनंती. वर्षातून एकदा तिथे मुलांच्या आजी-आजोबांनाही बोलवा. माझा वाटा मी पाठवत आहे.