उशाशी एक फळी

भिंतीला कान असतात म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, भिंतीला तर ते असतातच. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. तिला नसतात ते खांदे. हे ध्यानात येतं ते रात्री, चष्मा, फोन, पाण्याची बाटली आणि अर्धवट वाचलेलं पुस्तक ठेवायला उशाशी जागा शोधताना. पलंग भिंतीला भिडलेला, शेजारी टेबल मावत नाही. मग नजर भिंतीकडे वळते. इथे एक फळी ठोकली की झालं! पण ठोकायला आधी भिंत तर हवी.

आतून दिसतो तो जेमतेम ३ मिलिमीटरचा प्लायवूड, वर विनाइलचा नक्षीदार कागद. एवढ्या जाडीत ४ मिलिमीटरच्या स्क्रूचे दीड-दोन आटे काय ते रुततात. प्लायवूडच्या मागे काय आहे, ते बाहेर जाऊन पाहावं. बाहेरून वळ्यावळ्यांचा पत्रा असेल तर आत बहुधा ३८ मिलिमीटरच्या लाकडी दांड्यांची चौकट आणि मधल्या पोकळीत काचतंतूंची गादी असते. बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास असेल तर आत बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, त्यांच्या मधे फोम, आणि सगळं एकमेकांना चिकटवून केलेलं सँडविच.

लाकडी चौकटीत दांडा सापडला की निम्मं काम झालं. घरच्या भिंतीसारखं ठरावीक अंतर धरून चालू नये. खिडकी, कपाट, दिवा जिथे येईल तसे दांडे सरकलेले असतात. भिंतीतला दांडा शोधायची यंत्रं (स्टड फाइंडर) इथे बरेचदा गोंधळतात. त्यापेक्षा दोऱ्याला बांधलेला छोटा, तेज लोहचुंबक भिंतीवरून हळू फिरवावा. प्लायवूड दांड्याला ज्या पिनांनी ठोकलेला असतो, त्यांच्यापाशी तो थबकतो. असे दोन-तीन थांबे एका रेषेत आले की दांडा तिथेच. मग जी जागा फळीखाली झाकली जाणार, तिथे १ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडून खात्री करावी: लाकडाचा भुसा आला तर ठीक, बिट एकदम आत गेला तर पोकळी.

आता स्क्रूची लांबी. प्लायवूड ३, दांडा ३८, की लगेच बाहेरचा पत्रा. म्हणजे ५० मिलिमीटरचा स्क्रू पत्र्यातून डोकं काढणार, आणि त्या भोकातून गेलेलं पाणी आत दांडा कुजवत बसणार. ब्रॅकेट पातळ लोखंडाचं असेल तर २५ मिलिमीटर पुष्कळ. आधी २.५ मिलिमीटरचं भोक, आणि ड्रिलच्या बिटला टोकापासून २० मिलिमीटरवर रंगीत टेप गुंडाळलेली, म्हणजे हात कुठे थांबायचा हे डोळ्यांना कळतं. वायरी याच पोकळीतून, दांड्यांना भोकं पाडून नेलेल्या असतात. म्हणून स्विच, सॉकेट किंवा दिव्याच्या सरळ वर-खाली ड्रिल लावूच नये. काम सुरू करण्याआधी बाहेरची वीज तोडावी आणि बॅटरीही. १२ व्होल्ट म्हणून हसण्यावारी नेऊ नये. माणसाला झटका बसत नसला तरी वायर फाटली तर ठिणगी पडतेच.

पण अडचण अशी की दांडा हवा तिथे क्वचितच असतो. तो असतो उशीच्या मागे, नाहीतर पायांकडे. अशा वेळी पोकळीत पंख उघडणारे बोल्ट आठवतात. लाकडी चौकटीच्या पोकळीत ते कसेबसे उघडतात, फोमच्या भिंतीत उघडायला जागाच नसते. आणि उघडले तरी भार पेलायचा तो त्या ३ मिलिमीटरच्या पापुद्र्यानेच! त्यापेक्षा दोन दांड्यांना पोचेल एवढी ९ मिलिमीटर प्लायवूडची पट्टी भिंतीवर आडवी बसवावी, दोन्ही टोकं दांड्यांत ३० मिलिमीटरच्या स्क्रूने कसावीत आणि फळी त्या पट्टीला हवी तिथे लावावी.

फळी खाली पडत नाही, ती वरून भिंतीपासून सुटते. १६ सेंटिमीटर रुंद फळीच्या मध्यावर २ किलो ठेवले आणि ब्रॅकेटचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून फक्त ४ सेंटिमीटर वर असला, तर त्या स्क्रूला साधारण ४ किलोचा ताण बसतो. तेच अंतर १६ सेंटिमीटर केलं की ताण १ किलोवर येतो. खड्ड्यांतून जाताना हे आकडे दुप्पट-तिप्पट होतात. म्हणून ब्रॅकेट उंच हवं आणि फळी अरुंद. १२ सेंटिमीटर बस्स.

त्याहूनही शहाणपणाचं म्हणजे भिंतीवर वजन टाकूच नये. पलंगाखालचा लाकडी खोका मजबूत असतो. त्यावर गादीच्या कडेला उभी फळी टेकवून तिच्या डोक्यावर आडवी फळी बसवली की सगळं वजन खाली खोक्यात उतरतं. भिंतीने तिला फक्त डुलू द्यायचं नाही, आणि तेवढं पातळ भिंतही करते. पलंगाशेजारी कपाट असेल तर आणखी बरं. त्याच्या बाजूतून आरपार बोल्ट घालून आतून मोठे वॉशर लावावेत. ताण बोटभर जागेऐवजी तळहातभर पसरतो.

फायबरग्लासच्या भिंतीत ॲल्युमिनियमची नळी सापडली तर रिव्हेटसारखा आतून फुगवून बसवायचा नट (रिव्हेट नट) चांगला, कारण नळीच्या पातळ पत्र्यात स्क्रूचे आटे एकदा जास्त पिळले की गेलेच. नळी नसेल तिथे पुन्हा खोका किंवा कपाट. दुतर्फी टेपवर भरवसा ठेवणाऱ्यांनी एवढंच पाहावं की टेप धरते विनाइलच्या कागदाला, आणि कागदाला धरून ठेवणारा डिंक उन्हात तापलेल्या बंद ट्रेलरमध्ये नरम पडतो. फळी कागदासकट सोलून खाली येते. चष्म्याच्या खिशाला मात्र टेप चालते.

लाकूड हलकं घ्यावं. ३० बाय १२ सेंटिमीटरची ९ मिलिमीटर प्लायवूडची फळी २०० ग्रॅमच्या आसपास भरते. कडेला दोन सेंटिमीटरचा काठ, तळाला रबरी जाळी, कोपरे गोल, कारण मध्यरात्री उठताना डोकं नेमकं कोपराच शोधतं. गादीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंची ठेवली की झोपल्या झोपल्या हात पोचतो. पलंग ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागात असेल तर तो भाग आत घेऊन फळी कशाला अडत नाही ना, ते पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून आधी पाहावं. शेजारी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी असेल तर तिच्या वाटेत काहीच नको.

निघताना फळी रिकामी करायची आणि पहिल्या मुक्कामी सगळे स्क्रू हाताच्या पेचकसाने तपासायचे. ढिला झालेला पाव वळसा आवळायचा, त्याहून जास्त नाही. फिरतच राहिला तर भोकात लाकडी गोंद लावलेली आगकाडी खुपसून, गोंद सुकल्यावर पुन्हा पिळायचा.