जबाब घ्यायला शिकताना

गणवेशातल्या ड्युटीवरून तपासाच्या कामावर आले तेव्हा माझ्या डोक्यात बोटांचे ठसे, डीएनए आणि मोबाइलचं लोकेशन एवढंच होतं. प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र जबाब घ्यायला शिकण्यात. आधी मला ते पटत नव्हतं. आता कुणी विचारलं तर मी तेच सगळ्यात आधी शिका म्हणून सांगते.

सुरुवातीलाच आम्हाला एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४चा प्रयोग समजावून सांगितला. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग किती होता ते विचारलं. काहींना विचारताना ‘गाड्या जोरात आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा प्रश्न होता, तर काहींना ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असा. पहिल्या गटाने वेग जास्त सांगितला. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. म्हणजे साक्षीदार खोटं बोलत नसतानाही त्याच्या आठवणीत भर घातली जाते, आणि ती घालणारी आपणच असू शकतो. हे ऐकल्यापासून प्रश्न तोंडातून काढण्याआधी मी तो मनात एकदा तपासून घेते.

मग सराव सुरू झाला. एक बनावट चोरी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला माझ्यासमोर बसवलं. मी म्हणाले, ‘‘तुम्ही दाराशी पोचलात तिथपासून सांगा. उजेड कसा होता, आवाज कुठला येत होता, किरकोळ वाटेल तेही सांगा.’’ ते थोडा वेळ बोलले आणि थांबले. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता: शर्टाचा रंग कोणता? शिकवणाऱ्या सरांनी हाताने थांबायची खूण केली. शांततेत बसणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. साक्षीदार टेबलाकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘एक मात्र आहे... तो कुलपाशी डाव्या हाताने खटपट करत होता. उजव्या मनगटाला काहीतरी गुंडाळलेलं होतं.’’ मी रंग विचारला असता तर मला रंग मिळाला असता, मनगट नाही. नंतर त्यांना तीच घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावली, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइजलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात बसवलेली ही पद्धत आहे.

मुद्देमालाचं शिकणं त्या मानाने सरळ होतं, फक्त शिस्त हवी. रक्ताचा ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडायचा नाही, कारण ओलाव्याने बुरशी धरते आणि नमुना खराब होतो. तो वाळवून कागदी पाकिटात घालायचा. पाकिटावर सील, सही, तारीख, वेळ. पुढे ते कुणाच्या हातून कुणाकडे गेलं त्याची प्रत्येक वेळी नोंद. एक नोंद राहिली की चांगला पुरावाही कोर्टात लंगडा पडतो.

आमच्या वर्गात सर्वांत जास्त चर्चा झाली ती इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या प्रकरणाची. १९८३ आणि १९८६ मध्ये १५ वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. जनुकशास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीत दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे निघाले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. मग परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले, तरी गुन्हेगार सापडला नाही, कारण त्याने आपल्या जागी दुसऱ्यालाच पाठवलं होतं. त्या दुसऱ्याने ते बोलून दाखवलं, ऐकणाऱ्या एका बाईने पोलिसांना कळवलं, आणि १९८८ मध्ये कॉलिन पिचफोर्कला जन्मठेप झाली. डीएनएने निर्दोष मुलगा वाचवला आणि खुन्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच्यापर्यंत पोचवलं ते मात्र कुणीतरी ऐकलेल्या एका वाक्याने. त्या मुलाच्या कबुलीचा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. संशयिताची चौकशी कबुली मिळवण्यासाठी नाही, हकिकत मिळवण्यासाठी करायची, असं मी मानते ते त्याच्यामुळे.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. वहीत संशय लिहिला की त्याच पानावर, तो चुकीचा ठरवायला काय सापडावं लागेल, तेही लिहायचं, आणि आधी तेच शोधायला निघायचं. वरिष्ठांना घाई असते, फिर्यादीला तर असतेच, आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही हे पान मी सोडत नाही.

घरफोडीच्या एका खटल्यात पहिल्यांदा साक्षीला उभी राहिले. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं, ‘‘आरोपी लंगडत होता, हे साक्षीदाराला तुम्हीच सुचवलंत ना?’’ मी जबाबाच्या वेळची टिपणं पाहण्याची परवानगी मागितली आणि वाचून दाखवलं. माझा प्रश्न होता, ‘‘तो निघून गेला तेव्हा तुम्हाला काय दिसलं?’’ त्याखाली साक्षीदाराचं उत्तर, त्याच्याच शब्दांत. वकिलांनी तो मुद्दा सोडला आणि मुद्देमालाच्या पाकिटावरच्या वेळेकडे वळले.