घरभर वायर टाकून झाली, अडकलं ते कंपनीच्या डब्यात

कंपनीचा माणूस नेटची तक्रार बघायला घरी येतो आणि निघताना ओटीपी मागतो. तो आकडा आपल्या मोबाइलवर आलेला असतो. आपण तो सांगितला, की त्यांच्या कॉम्प्युटरवर आपली तक्रार मिटली. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: लॅपटॉपला वायर लावून स्पीड स्वतः पाहिल्याशिवाय तो ओटीपी देऊ नका. समोरचा मुलगा कितीही घाईत असू दे, ‘ताई, मला अजून सातपूरला जायचंय’ म्हणू दे.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउसमध्ये राहतो. मी घरूनच दुकानदारांची आणि अंबडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची जीएसटी, आयकराची कामं करते. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा खालच्या मशीनवर असतो, एंट्री करायला येणारी मुलगी खाली बसते आणि मी वरच्या खोलीत. मध्ये स्लॅब आणि जिन्याची भिंत. वायफायवर टॅली चालवलेल्या कोणालाही विचारा, व्हाउचर सेव्ह होत असताना सिग्नल तुटला की काय जीव जातो ते. त्यात जीएसटीची रिटर्न्स: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. मुलाचे लेक्चर ऑनलाइन, अप्पांचा टीव्हीसुद्धा नेटवर. ‘एक्स्टेंडर लावा’ असं सांगणारे खूप भेटले. पण स्वस्तातला एक्स्टेंडर जो सिग्नल घेतो तोच पुढे ढकलतो आणि त्यात निम्मा स्पीड खातो. मला वायरच हवी होती.

वायरिंगचं काम खरंच सोपं झालं. बिल्डरने टीव्हीच्या केबलसाठी टाकलेला पाइप खालून गच्चीपर्यंत होता आणि आत डिशची जुनी केबल नुसती पडून होती. आमच्या नेहमीच्या वायरमनभाऊंनी तिच्याच टोकाला कॅट ६ च्या, म्हणजे नेटसाठीच्या, दोन वायरी घट्ट टेप मारून बांधल्या आणि वरून जुनी केबल ओढली. ती बाहेर, नवी आत. सोबत नायलॉनची एक दोरीही ओढून आतच ठेवली, पुढे कधी तिसरी वायर टाकायची झाली तर. कुठेही भिंत फोडली नाही. हॉलमधून अप्पांच्या खोलीत मात्र पाइप नव्हता, तिथे स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी मारली.

वायर घेताना एमजी रोडवर एका दुकानात निम्म्या भावात कॅट ६ मिळत होती. वायरीवर ‘कॅट ६’ छापलेलंही होतं. मी टोक कापून ब्लेडने तार खरवडायला सांगितली तर आतून पांढरी निघाली. म्हणजे ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ही वायर घेऊ नका. कॅट ६ च्या मानकात तार पूर्ण तांब्याचीच हवी. ॲल्युमिनियमची तार वाकवली की तुटते, जॅकमध्ये बसवताना दगा देते आणि लांब अंतरावर सिग्नल कमजोर होतो. पूर्ण तांब्याची मला २८ रुपये मीटरने मिळाली. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे एका वायरीचे फाटे करणारं, १००० एमबीपीएसपर्यंत चालणारं यंत्र, ११५० ला. भिंतीवरचे जॅक, क्रिंपिंग टूल, टेस्टर, भाऊंची मजुरी असं सगळं धरून साडेपाच हजारांच्या आत काम झालं. जॅक सगळे मीच बसवले. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आता मला झोपेतही येतो आणि त्याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी वरच्या खोलीत वायर लावली, स्पीड टेस्ट चालवली. ९४ एमबीपीएस. आमचा प्लॅन ३०० चा.

पुन्हा चालवली, ९४. रात्री उशिरा, सकाळी लवकर, तेव्हाही तेवढेच. हा आकडा लक्षात ठेवा. लाइनवर गर्दी असेल तर स्पीड वरखाली होतो. तो जेव्हा ९३-९४ वर ठाण मांडून बसतो, तेव्हा वाटेत कुठेतरी १०० चं पोर्ट आहे असं समजायचं. १०० च्या जोडणीवर पॅकेटच्या वरच्या पत्त्याबित्त्याचा खर्च वजा जाऊन हातात साधारण ९४ च उरतात. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे ‘लिंक स्पीड’ दिसतो. खाली कंपनीच्या डब्याला, म्हणजे राउटरला, थेट वायर लावली तर तिथे १००/१०० असं आलं.

कस्टमर केअरला फोन केला. बटणं दाबून, गाणं ऐकून झाल्यावर उत्तर मिळालं: “मॅडम, तुमच्या घरातली वायरिंग फॉल्टी असेल. आमची जबाबदारी डब्यापर्यंतच.” मला मनापासून राग आला. मी स्वतः बसवलेले जॅक होते ते. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यात तथ्य असू शकतं, हे मला माहीत होतं. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तपकिरी तार जरी नीट बसली नसेल तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. त्यामुळे आधी स्वतःचं घर तपासायचं ठरवलं.

त्यासाठी नेट लागतच नाही, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कंपनीचा डबा काढून बाजूला ठेवला. खालचं मशीन आणि वरचा लॅपटॉप दोन्ही आपल्याच स्विचला जोडले, दोघांना एकाच मालिकेतले आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, हाताने दिले. आयपर्फ३ नावाचं स्पीड मोजायचं, फुकट मिळणारं साधन दोन्हीकडे टाकलं. एकीकडे ते ऐकायला बसवायचं, दुसरीकडून त्याच्या आयपी नंबरवर डेटा ढकलायचा. दहा सेकंदांत आकडा येतो. आमचा आला ९४० च्या आसपास. गिगाबिटवर याहून जास्त येतच नाही. घरातला प्रत्येक जॅक असाच तपासला, सगळीकडे तेच. त्या आकड्याचे फोटो काढून ठेवले. मग डबा परत लावला, बाजारातली तयार हातभर पॅच कॉर्ड घेऊन लॅपटॉप थेट त्याला जोडला. माझ्या वायरिंगचा त्यात काहीच संबंध नाही. पुन्हा १००/१००.

मग डबा उलटा केला. खाली मॉडेल नंबर असतो. तो शोधून माहितीपत्रक वाचलं तर दोन्ही लॅन पोर्ट १०/१०० चे, आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं. हा डबा आमचा प्लॅन ५० चा होता तेव्हाचा. प्लॅन वाढवायला फोन आला होता कंपनीचाच. त्यांनी बिल वाढवलं, डबा तोच ठेवला. म्हणजे ज्या डब्यातून वायरीने १०० च्या वर काही बाहेर पडणं शक्यच नाही, त्यावर आम्ही महिनोन्‌महिने ३०० चे पैसे भरत होतो.

इतकं स्पष्ट कारण हातात असताना डबा बदलून मिळायला किती वेळ लागावा?

फोनवर तक्रार नोंदवली. संध्याकाळी मेसेज: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ कोणी आलं नव्हतं, कोणी फोन केला नव्हता. पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. एकदा मुलगा आला, त्याने डब्याशेजारी उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ लावला.

“ताई, नेट चालू आहे ना?”

“चालू आहे दादा, पण मी ३०० चे पैसे भरते आणि १०० सुद्धा मिळत नाही. हा डबा बदलावा लागेल.”

“डबा माझ्या हातात नाही ताई. ऑफिसला सांगा.”

ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने ऐकून घेतलं, पण तिच्या स्क्रीनवरच्या फॉर्ममध्ये पर्यायच मोजके: नेट बंद, नेट स्लो, बिल, जागा बदलणे. ‘डबा बदला’ असा पर्याय नाही. तिने ‘नेट स्लो’ निवडलं. तसं निवडलं की सिस्टीम आपोआप लाइन तपासते, आणि लाइन तपासते ती डब्यापर्यंतच. डब्यापर्यंत ३०० येतच होते! त्यामुळे तपासणी पास, तक्रार बंद, मेसेज रवाना. मी कितीही वेळा तक्रार केली असती तरी ती अशीच बंद झाली असती. हे मला तिथे कोणी समजावून सांगितलं नाही. वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकून मी जुळवलं. ‘डबा बदलायचा तर टेक्निशियनचा रिपोर्ट हवा,’ असं ऑफिस म्हणायचं. ‘ऑफिसने डबा दिला तर बसवतो,’ असं टेक्निशियन म्हणायचा. २० तारीख तोंडावर, क्लायंटचे फोन, आणि मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टोकन घेऊन बसलेली. काउंटरवरच्या मुलीचा दोष नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्याने तो फॉर्म बनवला त्याने एकदा तरी या बाजूला येऊन बसायला हवं.

वाट सापडली ती नियमांत. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१२ चे तक्रार निवारणाचे नियम आहेत आणि ते ब्रॉडबँडलाही लागू होतात. त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली कंपनीचं तक्रार केंद्र. तिथे प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, द्यावाच लागतो. तिथे समाधान झालं नाही तर दुसरी पायरी, कंपनीचाच अपिलीय अधिकारी. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि कंपनीने ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. अपिलाचा पत्ता वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतो, पण असतो. मी सगळे डॉकेट नंबर तारखांसह लिहिले. डब्याच्या खालच्या बाजूचा, लिंक स्पीडचा आणि घरातल्या ९४० चा असे तीन फोटो जोडले. ‘नेट स्लो आहे’ हे शब्द मुद्दाम टाळले. लिहिलं ते एवढंच: आपण दिलेल्या उपकरणाचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, प्लॅन ३०० चा आहे, उपकरण बदलून द्यावे आणि फरकाची रक्कम परत करावी. तुमच्याकडे असंच अडकलं असेल तर हेच वाक्य वापरा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ चाही नंबर मी काढून ठेवला होता, त्याची वेळ आली नाही.

आधी एका अधिकाऱ्याचा फोन आला, पहिल्यांदाच कोणीतरी पूर्ण ऐकून घेणारा. मग नवा डबा आला, गिगाबिट पोर्टचा, ड्युअल बँड, म्हणजे वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्हीवर. तोच मुलगा घेऊन आला. बसवून त्याने ओटीपी मागितला. मी म्हटलं, “दादा, बसा, चहा घ्या.” चहा होईपर्यंत वरच्या खोलीत टेस्ट झाली. ३०० च्या थोडं वरच. लिंक स्पीड १०००/१०००. खाली येऊन ओटीपी दिला आणि मला एकदम हलकं वाटलं. त्या महिन्याची ३बी मी वरच्या खोलीतून भरली, एकदाही जिना न उतरता. फरकाची रक्कम अजून आलेली नाही, ती मी मागतेच आहे.

वायर टाकणार असाल तर राहिलेलं थोडं सांगते. लाइटच्या वायरीच्या पाइपात नेटची वायर घालू देऊ नका, वायरमन सोयीसाठी तसं सुचवतात. जॅकमध्ये बसवताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका. टेस्टरचे आठ दिवे लागले म्हणजे तारा जुळल्या एवढंच कळतं, स्पीड कळत नाही. भिंतीत अखंड तारेची वायर आणि हाताळायच्या ठिकाणी तयार, मऊ पॅच कॉर्ड. डब्याला आणि स्विचला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, मात्र स्विच किती व्होल्टवर चालतो ते आधी बघून घ्या, बरेच ५ किंवा ९ चे असतात. आणि गच्चीवरून शेजारच्या घरात किंवा गाळ्यात तांब्याची वायर टाकू नका. मे-जूनमधल्या विजांच्या पावसात ती दोन्हीकडची यंत्रं घालवू शकते. तिथे फायबरच टाका.

कॅट ६ टाकल्याचा एक फायदा पुढेही आहे. याच वायरीवर अडीच गिगाबिट चालतं, फक्त स्विच आणि दोन्हीकडची कार्डं बदलावी लागतील. आमच्या टॅलीला त्याची गरज नाही, म्हणून तो खर्च मी केला नाही.

सिडकोत नणंदबाईंनी आता असंच वायरिंग करायचं काढलंय. त्या वायरीचा भाव विचारत होत्या. मी म्हटलं, वन्सं, आधी तुमच्या डब्याच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा.