अश्वगंधाचं बी रुजताना: प्रथिनांच्या आंतरक्रियांचं जाळं बांधण्याचा माझा अनुभव

अश्वगंधाच्या सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत, आणि प्रथिनांच्या जाळ्याचं, म्हणजे कोणतं प्रथिन कोणाला धरतं याचा नकाशा काढण्याचं, काम पहिल्यांदा इथेच अडतं. एकाच पेट्री डिशमध्ये एका बीचं मूळ बाहेर आलेलं असतं आणि शेजारचं नुसतंच फुगलेलं असतं. घड्याळाप्रमाणे ४८ तासांचा नमुना उचलला, तर दोन अवस्थांची मिसळ हाती लागते. म्हणून आम्ही नमुने तासांवर न घेता अवस्थेवर घेतो: कोरडं बी, फुगलेलं बी, आणि टरफल फोडून मूळ साधारण १ मिलिमीटर दिसू लागलेलं बी. सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचं आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचं.

रुजवण एकसारखी व्हावी म्हणून ५०० पीपीएम, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम जिब्रेलिक आम्लात (रुजायला चालना देणाऱ्या जिब्रेलिन संप्रेरकांपैकी एक) बी २४ तास भिजवतो. हे आम्ल आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवायचं, मग पाणी घालायचं. तुलनेच्या गटाच्या पाण्यातही तेवढंच इथेनॉल हवं. त्याआधी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटं ठेवून बी चार-पाच पाण्यांनी धुवायचं. हे टाळलं तर बुरशी येते आणि तिची प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरच्या (प्रथिनं ओळखणारं यंत्र) यादीत घुसतात.

प्रथिनं काढायला आम्ही फिनॉलची पद्धत वापरतो, कारण साध्या बफरमध्ये फिनॉलिक द्रव्यं प्रथिनांना चिकटून अर्क तपकिरी होतो. तरीही बियांतली साठवणीची प्रथिनं इतकी असतात की संदेशवहनातली विरळ प्रथिनं त्यांच्याखाली झाकली जातात. एबीआय५ (रुजणं रोखणाऱ्या ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या संदेशातलं प्रथिन) यादीत आलं नाही, म्हणून ते बीमध्ये नाही असं धरू नये.

पुढची पायरी संगणकावरची. अश्वगंधाच्या प्रथिनांना टोमॅटोतली आणि अ‍ॅराबिडॉप्सिसमधली (प्रयोगशाळेत खूप अभ्यासलेली छोटी वनस्पती) जोडीदार, म्हणजे एकाच पूर्वज जनुकापासून आलेली, प्रथिनं शोधायची, 'स्ट्रिंग' या माहितीसाठ्यातून आंतरक्रिया घ्यायच्या आणि सायटोस्केप या जाळी रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाळं उभं करायचं. टोमॅटो अश्वगंधाच्याच कुळातला, पण प्रयोगांचा पुरावा बहुतांशी अ‍ॅराबिडॉप्सिसचा, म्हणून दोन्ही लागतात. खरी मेख जोडीदार ठरवण्यात आहे. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये डेला प्रथिनं (जिब्रेलिनच्या कामाला लगाम घालणारी) पाच, टोमॅटोत एकच. पाचांच्या रेषा (एक रेषा म्हणजे एक आंतरक्रिया) एकावर आणून टाकल्या की ते प्रथिन आपोआप जाळ्याचं केंद्र दिसू लागतं. अशा कुटुंबांसाठी नुसत्या ब्लास्टवर (क्रमांतलं साम्य शोधणारं साधन) विसंबू नका, जनुकवृक्ष, म्हणजे जनुकांची वंशावळ, काढा.

'स्ट्रिंग' प्रत्येक आंतरक्रियेला खात्रीचे गुण देतं; त्या गुणांची किमान मर्यादा मूळची ०.४ असते, आम्ही ०.७ ठेवतो. शोधनिबंधांतल्या एकत्र उल्लेखांवरून मिळणारे गुण आधी बंद करून बघतो. कारण एबीआय५ आणि डेला यांचा उल्लेख रुजण्याच्या अनेक निबंधांत शेजारी-शेजारी असतो, त्यावरून ती एकमेकांना प्रत्यक्ष बांधतात हे ठरत नाही. रेषांच्या संख्येवर क्रम लावला तर वर बहुतेक रायबोसोमची (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) प्रथिनं येतात. बीमध्ये साठवलेल्या एमआरएनएवरून (प्रथिन बनवण्याचा संदेश) प्रथिनं बनणं रुजताना गरजेचं आहेच, पण रुजायचं की थांबायचं हा निर्णय तिथे होत नाही. रायबोसोम बाजूला ठेवून जाळं पुन्हा काढलं की संप्रेरकांचे गट वेगळे दिसू लागतात.

निवडलेल्या रेषा आम्ही यीस्ट टू-हायब्रिडने तपासतो: दोन प्रथिनं गॅल४ या यीस्टच्या प्रथिनाच्या दोन भागांना, डीएनए बांधणाऱ्या आणि सक्रियक, जोडायची; ती एकमेकांना धरली तरच यीस्ट वाढायला हवं. डेला प्रथिन गॅल४च्या डीएनए बांधणाऱ्या भागाला जोडलं तर धरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाशिवायच यीस्ट वाढतं, म्हणून डेला सक्रियक भागाकडे आणि जीआयडी१ (जिब्रेलिनचा ग्राहक, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन) डीएनए भागाकडे ठेवायचं. माध्यमात १०० मायक्रोमोलर जिब्रेलिक आम्ल घालायचं, कारण जिब्रेलिन बसल्याशिवाय जीआयडी१ डेलाला नीट धरत नाही. संप्रेरकाविना ताटली कोरी राहिली, तर तो नकार नव्हे. ॲब्सिसिक आम्लाच्या ग्राहकांचंही तसंच: पीवायआर१ या ग्राहकाला पीपी२सी (फॉस्फेट काढणारं विकर) धरायला ते आम्ल लागतं, पण त्याच कुटुंबातले काही पीवायएल ग्राहक त्याच्याशिवायही धरतात. म्हणून प्रत्येक जोडी आम्लासह आणि आम्लाविना अशा दोन्ही ताटल्यांवर लावतो आणि हिस्टिडिन नसलेल्या माध्यमात ३-एटीचं (यीस्टची खोटी वाढ दाबणारं रसायन) प्रमाण प्रत्येक डीएनए भागाच्या रचनेसाठी वेगळं ठरवतो.