डिझेलचं ऑइल, पेट्रोलची गाडी

इंदुरात थोडं जास्त घातलं की बरंच असतं अशी सगळ्यांची समजूत आहे, पोह्यावर जीरावन मसाला, त्यावर शेव, मग दुकानदाराकडे बघत परत थोडी शेव. त्यामुळे पेट्रोल गाडीत डिझेलचं इंजिन ऑइल चालतं का, यावर इथे कोणी फार डोकं खाजवत नाही. मिस्त्री हात पुसत म्हणतो, "भिया, डीज़ल वाला डाल दो, तगड़ा रहता है," की झालं.

लोकमान्यनगरात आमच्या शेजारच्या काकांचा हा अगदी लाडका विषय. त्यांच्याकडे जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे आणि देवासकडच्या शेतावर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरसाठी ऑइलची बादली येते, बादली घेतली की लिटरमागे स्वस्त पडतं, उरलेलं मारुतीत जातं आणि रिकामी बादली घासूनपुसून काकू गच्चीवर कढीपत्त्याला लावतात. मला तर वाटतं निम्म्या लोकांचं डिझेल ऑइलप्रेम हे असं उरलेल्या तेलातूनच आलेलं असतं, थिअरी मागाहून चिकटवलेली.

पण थिअरी अगदीच पोकळ आहे असंही नाही हां. डिझेल इंजिनात काजळी खूप होते, आणि पूर्वी डिझेलमध्ये गंधकही भरपूर असायचं (आता बीएस-६ मध्ये १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत १० वर आलंय), त्याचं आम्ल व्हायचं. म्हणून त्या ऑइलमध्ये डिटर्जंट जास्त, काजळी गोळा न होता तरंगत ठेवणारी द्रव्यं जास्त, शिवाय धातू धातूवर घासू नये म्हणून झिंक-फॉस्फरसवालं अ‍ॅडिटिव्हही जास्त. काका डिपस्टिक काढून जुन्या बनियनच्या चिंधीवर पुसून दाखवतात, बघ कसं काळं झालं, सगळा कचरा ओढून घेतला! आणि त्यात काही खोटं नाही, ऑइल काळं होणं म्हणजे ते खराब झालं असंच नसतं.

गंमत म्हणजे काकांनी बादलीवरची बारीक अक्षरं कधी वाचलीच नव्हती, मी चष्मा लावून वाचली तर 'सीआय-४ प्लस / एसएल' असं छापलेलं. सी वाले ग्रेड डिझेलचे, एस वाले पेट्रोलचे. म्हणजे ते ऑइल पेट्रोलच्या एसएल परीक्षेतही पास झालेलं, आणि एसएल हा २००१ चा ग्रेड, काकांची गाडी त्याच्याही आधीची, सायलेन्सरला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, टर्बो नाही, काही नाही. जाडपणाचा आकडा १५डब्ल्यू-४०, आणि तेवढं जाड ऑइल इंदूरच्या थंडीतही सहज वाहतं, पहाटे पारा १० च्या खाली गेला तरी. तेव्हा त्या गाडीपुरते काका बरोबर, मी काही वाद घालत नाही.

वाद सुरू झाला तो काकांच्या मुलाने नवी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि काका तिच्याकडेही त्याच नजरेने बघायला लागले तेव्हा. हिला कन्व्हर्टर आहे, थोडंफार ऑइल जळतंच आणि त्यातला फॉस्फरस जाऊन कन्व्हर्टरच्या आतल्या थरावर बसतो, म्हणून नव्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही, सीके-४ सारख्या डिझेल ऑइलला ०.१२ पर्यंत मुभा. दुसरं म्हणजे टर्बो इंजिन वरच्या गिअरात, कमी आरपीएमवर पुलावर चढवलं की कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि कॅल्शियमवाले डिटर्जंट जास्त असले तर हा प्रकार वाढतो, पिस्टन फुटायची वेळ येऊ शकते. म्हणजे ज्या डिटर्जंटचं काका एवढं कौतुक करतात तेच इथे आडवं येतं! २०२० साली आलेल्या एसपी ग्रेडमध्ये याची वेगळी टेस्टच ठेवलीय. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाकावं, एवढं माझं साधं म्हणणं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग मॅन्युअलमधल्या ०डब्ल्यू-२० वर बोट ठेवलं. "हे मेलं पाण्यासारखं पातळ, मे महिन्यात ४३ डिग्रीत टिकणार का रे?" म्हटलं, काका, ते २० म्हणजे १०० डिग्रीवर मोजलेला जाडपणा, आणि इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट त्याला जवळपास तिथेच धरून ठेवतो, बाहेर ४३ असो की २३, आत फार फरक पडत नाही.

"ते सगळं ठीक आहे," काका म्हणाले, "वॉरंटी संपू दे, मग बघू."