मोबाईल हाय की, मग हे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगावच्या खडेबाजारात असो नाहीतर लग्नघरी, खिशातनं कॅमेरा काढला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, मोबाईल हाय की तुझ्याकडं! हे आणि कशाला?"

माझ्याकडचा कॅमेरा सोनीचा आरएक्स १००, तोही पहिलाच, २०१२ साली आलेला. बॅटरीसकट २४० ग्रॅम. पँटच्या खिशात मावतो. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. एवढा सेन्सर आता काही महागड्या फोनमध्येही येतो, त्यामुळं त्याची फुशारकी मी मारत नाही. प्रश्न उजेड आत सोडणारं शटर कधी नि किती वेळ उघडं राहणार हे ठरवतं कोण, एवढाच आहे.

मांडे करताना बघा. मागच्या अंगणात चूल, त्यावर पालथं खापर आणि वर एकच बल्ब. मावशी मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरत नेतात. एका क्षणी तो इतका पातळ होतो की पलीकडचा उजेड त्यातनं दिसतो. लगेच तो खापरावर पडतो आणि खेळ संपला. अंधारात फोन काय करतो? पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकावर एक बसवतो. चूल, भिंत, खापर झकास येतं, मावशींचे हात मात्र पुसल्यासारखे. मी शटर सेकंदाच्या २५०व्या भागाला, अ‍ॅपर्चर एफ १.८ ला (म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) आणि आयएसओ, म्हणजे कमी उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, ३२०० ला ठेवतो. फोटो थोडा दाणेदार येतो. येऊ दे, मांडा तरी हवेत दिसतो!

शिवजयंतीच्या चित्ररथांचंही तसंच. रात्रभर एलईडीचा झगमगाट, हे दिवे डोळ्यांना न कळता भराभर लुकलुकतात, आणि सेन्सर ओळीओळीनं वाचणाऱ्या फोनच्या फोटोत कधीकधी आडवे पट्टे उमटतात. या कॅमेऱ्याचं शटर लेन्समध्येच आहे, ते सगळ्या फ्रेमवर एकदमच उघडतं. एखादा फोटो उजळ, एखादा मंद येतो, पण पट्टे नसतात. शिवाय आवाज जवळजवळ नाहीच, म्हणून ढोलवाल्या पोरांच्या लक्षातही येत नाही. मोठा कॅमेरा दिसला की हीच पोरं लगेच पोझ देऊन उभी.

आणि तो फ्लॅश! वर उघडल्यावर बोटानं मागं दाबून धरायचा, की उजेड छताला आपटून खाली येतो. वडगावातल्या मागाच्या घरांत, बुटक्या पांढऱ्या छताखाली, ही युक्ती भारी चालते. मात्र छत निळं असलं तर विणकरकाकाही निळे.

झूमच्या नादी मात्र रात्री लागू नका. १०० मिलिमीटरला, म्हणजे झूमच्या टोकाला, गेलात की एफ ४.९, म्हणजे उजेड पाऊणहून जास्त गेलाच. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळं भर दुपारी राजहंसगडावर स्क्रीन बघायला तळहाताचा आडोसा धरावा लागतो. हळसीच्या भूवराह नरसिंह देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत. ते एका फ्रेममध्ये घ्यायचे तर पॅनोरमा फोनवरच सोपा, तिथं मी गुमान फोन काढतो.

जुना घेणार असाल तर एवढं करा: अ‍ॅपर्चर एफ ११ ला नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. बाहेर येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत आत धूळ जाते, आणि गेली असली तर ती तिथं काळ्या ठिपक्यांनी दिसेल. ठिपके दिसले तर विकणारा कितीही ओळखीचा असला तरी परत द्या.